गोमाच्या शेताचे मालक

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, साधा प्रश्न विचारायलाही कल्याणातले लोक कचरत. ते रागीट नव्हते. अडचण एवढीच होती की त्यांच्याकडून उत्तर पुरेपूर मिळे. बंदराकडे जाणाऱ्या आळीत त्यांचे घर. ओटीवर सुपारी कातरत बसलेले असत. येणाऱ्याजाणाऱ्याने सहज म्हणावे, "काय नाना, जेवण झालं का?" की नाना अडकित्ता खाली ठेवत. "जेवण झालं. भात किंचित करपला होता, पण तो हिच्या चुकीने नव्हे. मीच मध्ये हाक मारली. ताक घेतलं नाही. काल शेजारी दोन वाट्या प्यालो आणि घसा धरला. शेजारच्यांचं ताक वाईट होतं असं मात्र मी म्हणत नाही." तोवर विचारणारा चार घरे पुढे गेलेला असे, आणि नाना उरलेले उत्तर त्याच्या पाठीला ऐकवीत.

एकदा आळीतल्या एका मुलासाठी पनवेलकडचे लोक स्थळ पाहायला आले. रिवाजाप्रमाणे शेजारी चौकशी करायची म्हणून ते नानांच्या ओटीवर टेकले. "मुलगा कसा आहे?" एवढेच त्यांनी विचारले. नाना म्हणाले, "मुलगा चांगला आहे, नोकरी कायम आहे. इंग्रजी चौथीत दोनदा नापास झाला. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. घोरतो. आमची भिंतीला भिंत आहे म्हणून मला ठाऊक. आईच्या शब्दाबाहेर नाही. हा गुण की दोष ते मुलीच्या आईला विचारून ठरवा." मुलाच्या आईने पुढे महिनाभर नानांच्या घराकडे पाठ करून तुळशीला पाणी घातले. लग्न मात्र झाले. मुलीचे वडील म्हणाले म्हणे, जिथला शेजारी घोरणेसुद्धा सांगून टाकतो, तिथे आणखी काय लपलेले असणार?

मी हे पत्नीला हसत हसत सांगितले तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "आमचे नाना असे नव्हते. पूर्वी कोणी काहीही विचारलं की 'होईल रे, काय घाई आहे,' एवढंच म्हणायचे. माझ्या लग्नाचंसुद्धा तसंच म्हणत होते."

ते खरे होते. मी जावई झालो त्याच वर्षी नानांवर दावा लागला होता. त्यामुळे 'होईल रे' म्हणणारे नाना मला जेमतेम वर्षभर मिळाले आणि पुरेपूर उत्तरे देणारे नाना पुढे सतरा-अठरा वर्षे. मी ठाण्याला कचेरीत हिशेबाच्या मेजावर काम करणारा माणूस. दोन आकडे जुळले नाहीत की मला जेवण जात नाही. नानांचे हे दोन भाग एकमेकांशी जुळायला मला बराच काळ लागला.

त्यांची दुसरी खोड अशी की खाडीकाठच्या स्वतःच्या शेताला ते कधी 'माझे' म्हणत नसत. डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीला लागून, साडेचार एकर खारी जमीन. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून तिला मातीचा मोठा बांध होता. कोर्टाच्या निकालाने ती नानांची ठरलेली, सारा नाना भरीत, पीक नानांच्या घरी येई. आणि नाना तिला म्हणत 'गोमाचं शेत'. "गोमाच्या शेतात यंदा पाणी चांगलं आहे." "गोमाच्या शेतातला तांदूळ वेगळा ठेवा." एका वर्षी नव्याने आलेला तलाठी पाहणीला निघाला. नानांनी त्याला वाट सांगितली, "सरळ जा, वडाला उजवीकडे वळा, की गोमाचं शेत." तो बिचारा गावात जाऊन गोमा तांडेलाच्या दारात उभा राहिला आणि साऱ्याची विचारपूस करू लागला. गोमाने आपली चिलीम खाली ठेवली, त्याला बांधापर्यंत नेऊन शेत दाखवले आणि सांगितले, "ह्यो नानांचा. सरकारला इचारा." तलाठी संध्याकाळी चिडून नानांकडे आला. "तो म्हणतो तुमचं, तुम्ही म्हणता त्याचं. मी कोणाचं लिहू?" नाना म्हणाले, "लिहायचं तर माझंच लिहा. तुम्ही वाट विचारली होती, मालक विचारला नव्हता."

गोमा तांडेल म्हणजे त्या गावचा आगरी. त्याचा स्वतःचा मचवा होता. रेल्वेच्या पुलासाठी दगड वाहून त्याने चार पैसे जमवलेले, आणि मचवा पोराच्या हाती देऊन आपण जमिनीवर पाय टेकावेत ही त्याची इच्छा. नानांना खाडीकाठचे ते शेत सांभाळणे होत नव्हते. ते कल्याणात, शेत तिकडे. दोघांचे जमले. माघात साठेखत झाले. विसार नानांनी घेतला. उरलेली रक्कम अक्षय्य तृतीयेला द्यायची, त्याच दिवशी खरेदीखत आणि त्याच दिवशी ताबा; रक्कम आली नाही तर व्यवहार रद्द आणि विसार बुडाला. कागद नेहमीसारखाच होता. असे कागद मी कितीतरी वाचले आहेत. त्यात उधाणासाठी जागा नसते.

चैत्री पौर्णिमेच्या भरतीला बांध फुटला. बांध फुटला की पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, म्हणून त्या गावांत रीत आहे: घरटी एक माणूस टोपली घेऊन आलेच पाहिजे, भांडण असो वा सुतक. ओहोटीत दोन्ही बाजूंनी मेखा ठोकायच्या, पेंढा आणि दगड भरायचे, वर चिखल थापायचा, आणि भरती परत फिरायच्या आत मधले तोंड बुजवायचे. आणि तोंड बुजत आले की चिखलाची शेवटची ढेप जमिनीच्या मालकाने आपल्या हाताने टाकायची. दुसऱ्याच्या हाताने टाकली तर बांध त्याच जागी पुन्हा फुटतो असे म्हणतात. खरेखोटे मला माहीत नाही. पण त्या गावात कोणाची जमीन कोणती हे विचारायचे झाले तर लोक कागद पाहत नाहीत. त्या साली ढेप कोणी टाकली ते आठवतात.

त्या वेळी मी तिथे नव्हतो. पुढचे मी नानांकडूनच ऐकले आहे, आणि नंतरच्या नानांकडून ऐकले असल्यामुळे ते खरे आहे. कामाचा सारा भार गोमाने उचलला. मचव्यातून दगड आणले, दूरच्या गावांतून मजूर आणले, लाकूड विकत घेतले. तीन ओहोट्यांत बांध झाला. शेवटची ढेप गड्याने नानांच्या हातात दिली. नानांनी ती गोमाच्या हातात ठेवली. म्हणाले, "माझं काय आता इथे? तुझं आहे. टाक तूच." गोमाने धोतराला हात पुसले, ढेप कपाळाला लावली आणि टाकली. सगळ्या गावाने पाहिले.

मग गोमाने विचारले, "नाना, पैसं तं बांधान जेलं. तीजेला कसं जमंल?"

नाना म्हणाले, "होईल रे. काय घाई आहे?"

ज्येष्ठात मचव्याच्या दोन फेऱ्या झाल्या की रक्कम पुरी करतो असे गोमा म्हणाला. नानांनी मान डोलावली. पण तीज उलटली आणि पंधरा दिवसांतच मुंबईचे एक शेठ खाडीकाठी मिठागरासाठी जमिनी पाहू लागले. त्यांनी या शेताला जवळजवळ दीडपट भाव देऊ केला. नानांच्या ओळखीचे एक वकील होते. ते साठेखत वाचून म्हणाले, "नाना, तुमचा व्यवहार केव्हाच संपलाय. तुम्हालाच ठाऊक नाही." नानांना जन्मात कोणाला 'नाही' म्हणता आले नव्हते. गोमाला ते जसे 'होईल' म्हणाले, तसेच वकिलांनाही म्हणाले. करार रद्द झाल्याची नोटीस गेली. गोमाने दावा लावला: खरेदीखत करून द्यावे, निदान बांधाचा खर्च तरी द्यावा.

कोर्टात मी नानांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. नवा जावई, सासऱ्यांच्या अडचणीला धावून आलो म्हणून थोडा ताठच. नानांच्या वकिलांचे म्हणणे सरळ होते. ताबा दिला नव्हता, मुदत वाढवल्याचा कागद नाही, आणि बांधाला गोमाने हात लावला तो शेजारधर्माने, जसा सगळ्या गावाने लावला. गोमाच्या वकिलाने साक्षीदारांची नावे मागितली तेव्हा गोमाने एकही दिले नाही. ते वकील मला पुढे एकदा ठाण्यात भेटले. अजून त्यांचा राग गेलेला नव्हता. "पन्नास माणसं होती हो बांधावर! मी म्हटलं, चार तरी आण. तर हा मला म्हणतो, 'कनाला? नाना हायेत ना. नाना खोटं नाय बोलाचे.' प्रतिवादीच्या जिवावर दावा लढणारा अशील मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही."

नाना पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. बरेच प्रश्न झाले. मग गोमाचे वकील म्हणाले, "बांधाची शेवटची ढेप कोणी टाकली?"

मला या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कळला नाही. न्यायाधीश देशावरचे, त्यांनाही कळला नसावा. विचारणाऱ्या वकिलालाही पुरता कळला होता की नाही देव जाणे. गोमाने विचारा म्हणून सांगितले, त्यांनी विचारले. गोमा मात्र दाराशी उभा होता तो एक पाऊल पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. गाडी वेळेवर आलेली पाहून माणूस जसा सामान उचलायला वाकतो, तसा तो किंचित वाकला होता.

नाना म्हणाले, "बांध सगळ्या गावाने बांधला."

हे उत्तर वकिलांनी पढवलेले होते. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न झाला. गोमा पुन्हा मागे सरकला आणि बाकीचा वेळ नानांकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

दावा फेटाळला गेला. विसार बुडाला, बांधाचा खर्चही गेला. गोमाच्या वकिलाने ठाण्याला अपील करू म्हणून सुचवले. गोमा म्हणाला, "नाना जे बोलले तं मी आयकलं. आता ठान्याचा जज्ज मना नवा काय आयकवंल?"

निकालाच्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो. नाना ओटीवर बसले होते. त्यांनी पुडा हातात घेतला, सोडला नाही, तसाच माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "मी खोटं बोललो नाही हो."

मी म्हणालो, "छे छे, खोटं कशाला? सगळं रीतसर झालं."

"तेच म्हणतोय," नाना म्हणाले. "खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो एवढं तरी म्हणता आलं असतं."

ते काय म्हणत होते ते मला त्या दिवशी समजले नाही. ढेपेची हकीकत त्यांनी मला आठ दिवसांनी सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतंत. पण विचारायला हवं होतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथम त्या दिवशी ऐकले. पुढे ते आळीच्या सवयीचे झाले.

शेठ दावा चालू असतानाच भांडुपकडे दुसऱ्या जमिनी घेऊन मोकळे झाले होते. नानांच्या हाती जे आले ते आधीही त्यांचेच होते आणि त्यांना नकोच होते. त्यांनी विसार परत द्यायला मला गोमाकडे पाठवले. मी पावतीचा मसुदासुद्धा करून नेला होता. गोमाने मला घोंगडीवर बसवले, शहाळे फोडून दिले आणि पैशांकडे पाहिले नाही. "जावईबुवा, कोरटान ठरलं तं ठरलं. आता मी घेतलं तं ते मी मागून घेतलं असा होतं."

मी म्हणालो, "नाना मनापासून देतायत."

"मनापासून द्याचा होता तं तवा एक बोल द्याचा होता. तो फुकट होता."

मग नाना स्वतः गेले, मी बरोबर होतो. जुन्याच भावाने खरेदीखत करून देतो म्हणाले. गोमा घरात होता. त्याच्या बायकोने बाहेर येऊन घरात नाही म्हणून सांगितले. ओसरीवर त्याची चिलीम धुमसत होती. नानांनी ती पाहिली आणि निघाले. वाटेत मला म्हणाले, "ती बाई खोटं बोलली. पण स्वच्छ बोलली."

दिवाळीला नानांनी तांदळाची गोणी पाठवली. ती तशीच परत आली, वर दोन नारळ ठेवून. कोणाची वस्तू रिकामी परत पाठवू नये म्हणून. एक वर्ष नानांनी शेत पडीक ठेवून पाहिले. तेव्हा गावचे चार लोक कल्याणला आले आणि ओटीवर बसून नानांना बोलले. पडीक शेताच्या बांधाकडे कोणी बघत नाही, खेकडे भोके पाडतात, एक फुटला की सगळ्यांची शेते खारावतात. तुमच्या मनाच्या दुखण्यापायी आम्ही उपाशी मरायचे काय? नानांना तेही पटले. शेत लावले. तांदूळ घरी आला. तो नाना खात. टाकून देणे म्हणजे माजच, असे म्हणत. पण त्या भातावर दुसऱ्यांदा वाढून घेतलेले मी त्यांना पाहिले नाही. दुसऱ्यांदा हवा असला तर "बाजारातला आहे का थोडा?" असे विचारीत.

या सगळ्या वर्षांत गोमा नानांशी एक शब्द बोलला नाही. आणि या सगळ्या वर्षांत जितक्या वेळा तो बांध फुटला, तितक्या वेळा गोमा टोपली घेऊन आला. घरटी एक माणूस ही रीत. त्याने पोराला पाठवले असते तरी चालले असते. तो स्वतः येई, गुडघाभर चिखलात उभा राही, आणि मागच्या माणसाकडून आलेली टोपली पुढच्याला देई. पुढचा माणूस कधीकधी नाना असत. टोपली या हातातून त्या हातात जाई. मी एकदा काठावरून पाहत होतो. गोमा जड टोपल्या मधेच अडवून त्यातला चिखल अर्धा करी आणि मग नानांकडे देई. नानांचे वय झाले होते. हे नानांना दिसत होते की नाही हे त्यांना विचारायचे मी टाळले. विचारले असते तर पुरेपूर उत्तर आले असते.

शेवटची ढेप टाकायची वेळ आली की नाना मागे सरत. "माझा हात नको." मग कोणीतरी मजूर टाकी. बांध त्याच जागी तिसऱ्यांदा फुटला तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली की मालकाचा हात लागत नाही म्हणून असे होते.

ती तिसरी वेळ श्रावणातली. नाना सत्तरीला आलेले, दम्याने बेजार. माझ्या पत्नीने नको म्हणून पुष्कळ सांगितले. नाना म्हणाले, "घरटी एक माणूस. आपल्या घरातून कोण, मी की जावईबुवा?" शेवटी आम्ही दोघेही गेलो. माझ्याकडून चिखलाचे काम काय होणार? मी टोपल्या मोजत राहिलो, माझी सवय. दुपार कलली, ओहोटी संपत आली, मधले तोंड हातभर राहिले. एका गड्याने ढेप नानांच्या हातात दिली. नानांनी ती शेजारच्या मजुराकडे केली. मजूर हात मागे घेऊन म्हणाला, "नाय बाबा. मालकानंच टाकाची. पुन्ना फुटंल तं गाव मना धरंल."

"टाका ना नाना, पानी फिरलं!" दोघेतिघे ओरडले. नाना तसेच उभे. चिखल त्यांच्या कोपरावरून गळत होता.

तोंडाच्या पलीकडच्या बाजूला गोमा उभा होता. त्याने टोपली खाली ठेवली आणि बोलला. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकून ओरडणारे त्याच्याकडे वळले.

"नाना, त्या साली शेवटची ढेप कोनी टाकली?"

मी नानांकडे पाहिले. आता ते सारे सांगतील असे मला वाटले. वकील, शेठ, साठेखत, शपथ, दम्यापर्यंत सगळे; आणि तोवर भरती येईल.

"तू टाकलीस," ते म्हणाले.

एवढेच. पुढे एक शब्द नाही. दाव्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना एवढ्याशा उत्तरावर थांबलेले पाहिले.

गोमाने मान हलवली. समाधान झाल्यासारखी नव्हे. उशिरा आलेली वस्तू ओळखून घेतल्यासारखी. मग म्हणाला, "मंग आता तुमी टाका. पानी आयलं."

नानांनी ढेप टाकली. लोकांनी वरून चिखल थापला. पाणी बांधाला येऊन लागले आणि थांबले. बांध झाला की मालकाने सगळ्यांना गूळपोहे द्यायचे असतात. मी पिशवी बरोबर नेली होती. पानांवर पोहे घालून झाले तेव्हा नाना मला म्हणाले, "गोमाला द्या." मी पाहिले तर तो टोपली खांद्याला लावून गावाच्या वाटेला निम्मा गेला होता. मी हाक मारणार होतो. नाना म्हणाले, "राहू दे. आज एक बोल मिळाला तेवढा पुरे."

पुढच्या माघात नाना गेले. गोमा त्यांना पोचवायला कल्याणला आला होता. खाडीने, स्वतः मचवा वल्हवीत. स्मशानातून परतताना माझ्याशी बोलला तो वाऱ्याविषयी. तोही नंतर फार जगला नाही. बांध त्या जागी पुन्हा फुटला नाही. यावरून मी काही ठरवीत नाही. त्यानंतर तसे मोठे उधाणही आलेले नाही.

शेत आता माझ्या पत्नीच्या नावावर आहे. ते गोमाच्या मुलाला, हिरूला, द्यावे असे मला वाटते. गेली काही वर्षे वाटते आहे. नानांच्या शेवटच्या आजारपणात मी तसे बोललोही होतो, आणि त्यांनी माझा हात दाबला होता. मग मुलांची शिक्षणे निघाली. मग डोंबिवलीकडच्या जमिनींचे भाव चढू लागले. शिवाय बापाने घेतले नाही ते मुलगा घेईल कशावरून? शिवाय पत्नीची संमती हवी, आणि तिच्याजवळ विषय काढायला निवांत वेळ हवा. माझ्याकडे कारणे पुष्कळ आहेत. मी ती वेळोवेळी तपासतो. सगळी खरी आहेत.

गेल्या महिन्यात मोजणीदार आला होता. गावातला कोणीतरी साखळी धरायला हवा म्हणून हिरूला बोलावले होते. शेताच्या एका टोकाला तो साखळीचे कडे धरून उभा, दुसऱ्या टोकाला शिपाई, आणि मध्ये छत्रीखाली मोजणीदार व मी. त्याने विचारले, "मालक?" मी पत्नीचे नाव सांगितले. तो लिहीत लिहीतच म्हणाला, "जमिनीबाबत काही तंटा?"

कोणत्याही कोर्टात दावा नाही. अपील नाही. कोणाची नोटीस नाही. हिरू साखळी धरून माझ्याकडे पाहत होता. त्याने एक पाऊल पुढे टाकले. बहुधा साखळी ताणायलाच.

नाना असते तर त्यांनी छत्री मिटून उत्तराला सुरुवात केली असती आणि मोजणीदाराची संध्याकाळची गाडी चुकली असती.

मी म्हणालो, "नाही."

मी खोटे बोललो नाही.